रायनोडिन रिसेप्टर ओळखताना या चुका टाळा

स्केलेटल मसलमधलं कॅल्शियम सोडणारं मुख्य चॅनल म्हणजे रायनोडिन रिसेप्टर, त्यातला आरवायआर१. त्याचा एकेक सबयुनिट सुमारे ५६५ किलोडाल्टनचा आणि असे चार मिळून एक चॅनल, म्हणजे २२ लाख डाल्टनच्या वर. बहुतेक घोळ या अवाढव्य आकारामुळेच होतात.

सगळ्यात आधी जेल, म्हणजे प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करायची पायरी. १० टक्क्यांची नेहमीची जेल लावली की हे प्रोटीन वेलच्या (सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच अडकतं आणि आपल्याला वाटतं सॅम्पलमध्ये काही नाहीच. ३ ते ५ टक्क्यांची जेल किंवा ग्रेडियंट घ्या. नेहमीचा मार्कर (माहीत असलेल्या आकारांच्या प्रोटीन्सची पट्टी) २५० किलोडाल्टनला संपतो, आपली पट्टी त्याच्याही बरीच वर असते, आणि ती बऱ्याचदा ४००–४५० च्या आसपास दिसते, म्हणून ५६५ नाही आलं की लगेच फेकून देऊ नका. सॅम्पल मी उकळत नाही, कमी तापमानालाच ठेवते, कारण एवढी मोठी मेम्ब्रेन प्रोटीन्स उकळली की गोळा होऊन बसतात.

आता ट्रान्सफर, म्हणजे अँटीबॉडी लावण्यासाठी प्रोटीन जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवणं, इथे माझे दोन आठवडे गेले. ब्लॉट कोरा, अँटीबॉडी बदलली, परत कोरा, शेवटी ट्रान्सफर झाल्यावर उरलेली जेल कूमासीने रंगवली तर पट्टी अगदी वर तशीच निळीशार बसलेली! प्रोटीन मेम्ब्रेनवर आलंच नव्हतं. तेव्हापासून मिथेनॉल कमी, बफरमध्ये थोडं एसडीएस (डिटर्जंट) आणि कोल्ड रूममध्ये रात्रभर ट्रान्सफर, आणि जेल दरवेळी रंगवून बघायचीच.

मुख्य पट्टी फिकी आणि खाली ३७५ आणि १५० च्या आसपास दोन नव्या पट्ट्या दिसल्या तर नवीन आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनचं वेगळं रूप) सापडला असं समजू नका हं. कॅलपेन नावाचं प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) हे चॅनल साधारण असंच तोडतं, आणि ते कॅल्शियमवर चालतं, म्हणून होमोजिनायझेशनच्या बफरमध्ये इजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं) आणि ल्युपेप्टिन (कॅलपेनला रोखणारं) पहिल्यापासूनच हवं, नंतर घालून उपयोग नाही.

फ्रॅक्शन निवडतानाही लोक चुकतात. चॅनल एसआरच्या (सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम, मसलमधला कॅल्शियमचा साठा) टर्मिनल सिस्टर्नीत, म्हणजे टोकाच्या फुगीर भागात असतं, आणि मेम्ब्रेनचे तुकडे वेगळे केले की जड मायक्रोसोममध्ये येतं. ११० किलोडाल्टनचा कॅल्शियम पंप भरपूर दिसतोय पण कॅल्सिक्वेस्ट्रिन (टर्मिनल सिस्टर्नीतलं कॅल्शियम धरून ठेवणारं प्रोटीन) जेमतेम, असं असेल तर तुमच्या हातात बहुधा हलकं फ्रॅक्शन आहे, त्यात चॅनल शोधण्यात अर्थ नाही. आणि डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर वेगळा, तो टी-ट्यूब्यूलवरचा (पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनच्या आत गेलेल्या नळीवरचा) व्होल्टेज सेन्सर आहे, त्याची अँटीबॉडी लावून रिलीज चॅनल सापडलं म्हणू नका.

पण माझं खरं म्हणणं हे आहे की नुसत्या पट्टीवर विसंबूच नका. त्या उंचीवर नेब्युलिन हे मसलच्या तंतूंमधलं प्रोटीनसुद्धा येतं, ते ६०० ते ९०० किलोडाल्टनचं, आणि मसल नीट साफ केला नसेल तर भरपूर असतं. चॅनलची खरी ओळख त्याच्या वागण्यात आहे. रेडिओअॅक्टिव्ह रायनोडिन बाइंडिंग करा, पण ते मुख्यतः उघड्या चॅनललाच घट्ट बसतं, त्यामुळे आधीच्या बफरमधलं इजीटीए तसंच राहिलं आणि मोकळं कॅल्शियम संपलं की बाइंडिंग जवळपास शून्य. मायक्रोमोलर कॅल्शियमला वाढतं, मिलिमोलरला परत पडतं, हा घंटेसारखा आलेख मिळाला की खात्री पटते. बसायला तास लागतात, अर्ध्या तासात ट्यूब काढू नका. नॉन-स्पेसिफिकसाठी साध्या रायनोडिनचा जास्त डोस घातलेली ट्यूब सोबत हवीच.

बायलेयर (चॅनल कृत्रिम लिपिड पडद्यात बसवून करंट मोजणं) करत असाल तर एसआरमधली पोटॅशियम आणि क्लोराइड चॅनल्सही तिथे घुसतात, म्हणून सीझियम आणि मिथेनसल्फोनेट वापरतात. करंट दिसला म्हणून थांबू नका, सायटोसोलच्या बाजूने थोडं रायनोडिन घाला. चॅनल कमी, साधारण अर्ध्या करंटवर जाऊन बराच वेळ उघडंच राहिलं आणि मग रुथेनियम रेडने (हे चॅनल अडवणाऱ्या रंगाने) बंद झालं, तर ते आरवायआरच. आरवायआर१ की आरवायआर३ हे मात्र यावरून कळत नाही, आणि डायफ्रॅममध्ये आरवायआर३ सुद्धा असतं, तिथे आयसोफॉर्मची वेगळी अँटीबॉडीच लावावी लागते.