पिवळ्या पिओनीची हौस बेळगावात सोनसावरीवर भागवा

पिवळ्या फुलांच्या झुडपी पिओनीचे फोटो पाहून रोप मागवायचा मोह होतो, पण जरा थांबा. ही झाडं चीनमधल्या युनान प्रांतातल्या आणि तिबेटच्या डोंगरातली. कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय त्यांच्या कळ्या नीट उमलत नाहीत. आपल्या बेळगाव-खानापुराकडची थंडी अंगावर शाल घेण्याइतपतच, तेवढ्यानं भागत नाही.

त्याऐवजी सोनसावर लावा. काहीजण तिला गणेर म्हणतात. थंडीत पानं गळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी लख्ख पिवळी फुलं येतात. पाच पाकळ्या, मध्ये केशरी-पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर मधमाश्यांची गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

बी कापसात गुंडाळलेलं असतं, वाटाण्याहून लहान आणि कठीण. कापूस काढा, बी पॉलिश पेपरवर एका बाजूनं हलकं घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. मे महिन्यात पिशवीत पेरा, पावसाळा स्थिरावला की जमिनीत लावा.

जागा निवडताना मात्र घाई करू नका. आपली तांबडी, मुरमाड माती तिला मानवते; काळ्या रानात किंवा पागोळ्यांचं पाणी साचतं तिथं मूळ कुजतं. उतारावर किंवा वीतभर उंचवट्यावर, भरपूर उन्हात लावा. मोठी झाल्यावर पानगळीत पाणी जवळजवळ बंदच ठेवा. बियांपासूनच्या रोपाला फुलायला काही वर्षं लागतात, तेवढी कळ सोसा.