डिस्चार्ज कार्डावर कोलेस्टेरॉलची गोळी लिहिताना

मेडिसिन वॉर्डात नव्यानं ड्युटीला लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. आपल्याकडं अटॅकचा पेशंट चार-पाच दिवसांत घरी जातो अन् खरी अडचण तिथून पुढं सुरू होते, महागडी गोळी एक महिना चालते, मग मोंढ्यात सोयाबीनला भाव नाही, लेकराची फी भरायची आहे, की पहिली बंद होते ती हीच, कारण ती बंद केल्यानं काही दुखत नाही.

म्हणून कंपनीचं नाव टाळा, ॲटोरवास्टॅटिन असं औषधाचं नाव (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं) मोठ्या अक्षरात लिहा अन् नातेवाइकाला जवळचं जनऔषधी दुकान सांगा, तिथं हीच गोळी बरीच स्वस्त मिळते. माजलगावकडचे एक काका दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या रोज घ्यायचे, दोन्हीत औषध एकच. ब्रँड लिहिल्यानं हे असं होतं.

डोस मात्र स्वस्ताईच्या नावाखाली कमी करू नका. अटॅक, स्टेंट, रक्ताच्या गुठळीनं झालेला लकवा, अशांना ४० किंवा ८० एमजी, पहिल्या दिवसापासून, लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, रिपोर्टची वाट न बघता. सगळ्यांना सरसकट १० लिहायची सवय मला फार खटकते. हृदयाचा त्रास नाही, नुसती शुगर आहे अन् वय ४० ते ७५, तिथं सहसा १० किंवा २० पुरतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवायच्या औषधांसोबतची एकत्र कॅप्सूल लिहिणार असाल तर त्यात ॲटोरवा किती आहे ते आधी वाचा, अन् क्लोपिडोग्रेल साधारण वर्षानं बंद करतात तेव्हा पेशंट ती कॅप्सूलच सोडून देतो, त्यात स्टॅटिनही जातं, म्हणून मी वेगळीच लिहिते.

लिपिड ॲडमिशनला एकदा, मग ४ ते १२ आठवड्यांनी, मधे रोज करून पैसे घालवू नका. अटॅकवाल्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निदान ७० च्या खाली पाहिजे, ५५ च्या खाली गेलं तर अजून चांगलं. नाही उतरलं तर आधी विचारा, मामा गोळी रोज घेता ना? घेत असतील तर डोस दुप्पट करून एलडीएल जेमतेम ६ टक्के अजून उतरतं, इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी १० एमजी जोडली तर वीसेक टक्के.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २२० दिसलं की लगेच ते उतरवायला फेनोफायब्रेट लिहायचं, हे बंद करा. ५०० च्या पुढं गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, तिथं ते कामाचं.

एसजीपीटी ही लिव्हरची तपासणी सुरुवातीला एकदा करा, नॉर्मलच्या तिपटीच्या पुढं गेलं तर गोळी थांबवून सिनियरला विचारा. अंग फार दुखत असेल तरच सीपीके, म्हणजे स्नायूंची रक्ततपासणी. गरोदर बाईला लिहू नका, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढे दिवस ॲटोरवा थांबवा.

अन् ॲटोरवा रात्रीच घ्यायला पाहिजे असं नाही, सकाळच्या चहाला आठवण राहत असेल तर कार्डावर तसंच लिहा.