कमी खर्चात कंपनी पर्यावरणपूरक कशी करावी: सुरुवात बंद वेळेच्या मीटरपासून

कंपनी पर्यावरणपूरक करायची ठरली की पहिल्याच मीटिंगमध्ये तीन सूचना हमखास येतात: झाडं लावू, सगळ्यांना लोगो छापलेल्या स्टीलच्या बाटल्या देऊ, छतावर सोलर बसवू. झाडं जरूर लावा. पण घरात आधीच चार बाटल्या असलेल्या माणसाला पाचवी दिली तर भर पडते ती कचऱ्यातच. आणि वाया जाणारी वीज न रोखता सोलर बसवणं म्हणजे गळक्या पिंपावर आणखी एक नळ सोडणं. पैसे कमी असतील तर क्रम पाळा: आधी उधळपट्टी थांबवा, मग दुरुस्ती करा, खरेदी सगळ्यात शेवटी.

पायरी १: बिलं मांडा

मागच्या १२ महिन्यांची वीज, पाणी आणि डिझेलची बिलं एका शीटमध्ये उतरवा. रक्कम नको, युनिट आणि लिटर लिहा; दर बदलत राहतात. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एवढा हिशोब सुरुवातीला पुरतो.

पायरी २: बंद कंपनी किती वीज खाते ते शोधा

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक सल्ले नेमके इथेच तोकडे पडतात. ‘जाताना दिवे बंद करा’ अशी पाटी लावून फारसं काही हाती लागत नाही. दिवे लोक बंद करतातच. चालू राहतात त्या नजरेत न येणाऱ्या गोष्टी: एक्झॉस्ट फॅन, वॉटर कूलर, गीझर, पंप, कॉम्प्रेसर, सर्व्हर रूमचा गरजेपेक्षा थंड ठेवलेला एसी.

आठवड्याचे तास १६८. रोज १० तास आणि आठवड्याला ६ दिवस चालणारी कंपनी त्यातले १०८ तास बंद असते. त्या वेळात नुसता ४ किलोवॉट भार (म्हणजे चालू उपकरणं मिळून ओढत असलेली वीज) सतत चालू राहिला तरी आठवड्याला ४३२ युनिट जातात, म्हणजे वर्षाला जवळपास साडेबावीस हजार. तेही कुणाच्या कामाला न येता.

शेवटचा माणूस गेला की मुख्य मीटरचं रीडिंग घ्या आणि सकाळी पहिला माणूस यायच्या आत पुन्हा घ्या. फरकाला मधल्या तासांनी भागलं की सरासरी भार मिळतो. मोठ्या जोडणीत मीटरवरचा आकडा म्हणजेच युनिट असं नसतं. बिलावर दिलेल्या मल्टिप्लायिंग फॅक्टरने तो गुणावा लागतो. हे विसरलात तर भार अगदीच किरकोळ वाटेल आणि तपास तिथेच थांबेल.

आता हा भार नेमका कुठे जातो? मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. एकेक एमसीबी (बोर्डातला सर्किट तोडणारा स्विच) पाडून बघा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. त्याच लाइनवर सर्व्हर असतो, फायर अलार्म असतो, कुठे कोल्ड स्टोरेज असतं. त्याऐवजी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक फीडरचा (बोर्डातून एकेका विभागाकडे जाणाऱ्या लाइनचा) भार क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने, मोजून घ्या. बोर्ड स्वतः उघडू नका.

मोजताना शेजारी उभे राहा आणि दोन गोष्टींवर अडून बसा. क्लॅम्प एकाच वायरभोवती लागला पाहिजे. अख्ख्या केबलभोवती लावला की जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना रद्द करतात, मीटर शून्याच्या आसपास दाखवतो आणि ‘इथे काही नाही’ म्हणून सगळे पुढे सरकतात. दुसरं, नुसते अँपिअर दाखवणारा मीटर चालणार नाही, किलोवॉट दाखवणारा हवा. रिकाम्या फिरणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, खूप कमी असतो. अँपिअरवर विसंबलात तर आकडा फुगतो आणि भलत्याच मशीनच्या मागे लागायची वेळ येते.

फीडर सापडला की त्यावरच्या प्रत्येक वस्तूला स्टिकर लावा. लाल म्हणजे कधीच बंद करायचं नाही, हिरवा म्हणजे जाताना बंद करायचं. त्या विभागातला माणूस सोबत असल्याशिवाय एकही स्टिकर लावू नका. ‘हे रात्री कशासाठी चालू असतं?’ असं विचारल्यावर ‘पहिल्यापासून चालूच असतं’ असं उत्तर आलं तर तिथे थांबा, तिथेच युनिट सापडतात. आणि हिरव्या स्टिकरवर माणसाचं नाव लिहा. सगळ्यांची म्हणून टाकलेली जबाबदारी कुणीच घेत नाही.

कारखान्यात हवेचा कॉम्प्रेसर असेल तर त्याची वेगळी परीक्षा घ्या. हवा वापरणारी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोड होतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा न भरता नुसता फिरतो), हे घड्याळ लावून काही फेऱ्यांत मोजा. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड असेल तर पाचातलं दीड, म्हणजे ३० टक्के क्षमता फक्त गळतीत जाते. देखभाल नसलेल्या ठिकाणी असा आकडा अजिबात दुर्मीळ नाही. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन प्रत्येक जोडावर, होज क्लॅम्पवर, ड्रेन व्हॉल्व्हवर फिरा. बुडबुडे आले की गळती तिथे. गळती बंद झाल्यावर दाब हळूहळू उतरवून बघा. ७ बारच्या आसपास चालणाऱ्या यंत्रणेत १ बार कमी केला की साधारण ६ ते ७ टक्के वीज वाचते.

पायरी ३: किरकोळ दुरुस्त्या

एसीचे फिल्टर धुवा, तापमान २४ अंशांवर ठेवा. गळके नळ दुरुस्त करा. प्रिंटरवर दोन्ही बाजूंची छपाई कायमची सेट करून टाका. जुन्या ट्यूब जसजशा जातील तसतसे एलईडी लावा.

एसीत दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर नुसता भरून घेऊ नका, आधी गळती काढून घ्या. अनेक एसींमध्ये असणारा आर-४१०ए हा वायू एक किलो हवेत गेला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो.

पायरी ४: आता खरेदी

सोलरचं कोटेशन या टप्प्यावर मागवा, तेही कमी झालेल्या वापरावर. खर्चाला वर्षाच्या बचतीने भागा आणि ज्याचे पैसे लवकर सुटतात ते आधी घ्या. पंखे किंवा पंप बदलण्याआधी त्यांचा वेग कमी करता येतो का, ते पाहा. वेग २० टक्क्यांनी उतरवला की पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते.

पायरी ५: मोजत राहा

बंद वेळेचं रीडिंग दर महिन्याला घ्या आणि नोटीस बोर्डवर लावा. ग्राहकांना सांगताना ‘आम्ही ग्रीन कंपनी आहोत’ असं मोघम लिहू नका. किती युनिट आणि किती लिटर कमी झाले, कोणत्या महिन्यापासून आणि कशामुळे, तेवढंच लिहा.