इंजिन परत बसवताय? गिअरबॉक्सशी जुळवताना हे बघा

गिअरबॉक्स गाडीतच आहे आणि इंजिन वरून सोडायचंय असं धरून सांगतो.

फ्लायव्हीलमागचं (क्रँकच्या टोकावरची जड चकती) क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, ऑइल सील आत्ताच नवीन टाका, नंतर गळायला लागलं तर त्या एवढ्याशा सीलसाठी सगळं परत उतरवावं लागतं. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू बहुतेक वेळा लिहिलेली असते, ती वाचून बसवा, उलटी बसली की क्लच सुटतच नाही. प्लेट सेंटरला आणायला डमी शाफ्ट (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारखा नकली दांडा) घाला, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना). मग डमी काढून परत घालून बघा, अडकत असेल तर प्लेट सेंटरला नाही, बोल्ट सैल करा. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या, क्लच प्लेटमध्ये घुसणाऱ्या खाचा) ग्रीस अगदी पुसट, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. डॉवेल पिना (इंजिन-गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना तेही बघून घ्या.

आता खरी कसरत. गिअरबॉक्सखाली जॅक लावा आणि दोघांचा कोन एकच होईपर्यंत वरखाली करा, बेल हाऊसिंगची (गिअरबॉक्सचं क्लचवर येणारं घंटेसारखं तोंड) फट वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. स्प्लाइन घुसत नसेल तर गिअर टाका, चाकं अडवा आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने नेहमीच्या दिशेने हळू फिरवत इंजिन मागे ढकला, बरेचदा खट्कन आत जातं.

शेवटची बोटभर फट राहते तेव्हा सगळ्यांना वाटतं बोल्टने ओढून घेऊ. नका ओढू! क्लच प्लेटचा हब वाकतो नाहीतर बेल हाऊसिंगचा कान तुटतो. हाताने हलवून फट मिटत नसेल तर काहीतरी आडवं आलंय, बहुतेक वायरिंग नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला पत्रा. आणि इंजिनचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवून चहाला तर अजिबात जाऊ नका.

बोल्ट लागल्यावर न्यूट्रलमध्ये क्रँक परत हाताने फिरवून बघा, जाम वाटलं तर लगेच सैल करा. माउंटिंग सगळी आधी ढिली लावा, इंजिन हलवून बसू द्या, मगच आवळा. बॉडीची अर्थिंगची पट्टी विसरलात तर सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

तेल, कूलंट भरा, क्लच हायड्रॉलिक असेल तर हवा काढा. पहिल्यांदा फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारा, मग फ्यूज लावून चालू करा आणि क्लच दाबून रिव्हर्स टाकून बघा, खरखर आली नाही की झालं.