घरी गाणं रेकॉर्ड करताना जुनी चार ट्रॅकची कॅसेट मशीन आणि कॉम्प्युटर, दोन्ही कसं वापरायचं

माळ्यावर चार ट्रॅकची जुनी कॅसेट मशीन आहे, टेबलावर लॅपटॉप आहे, आणि घरात पेटी तबला वाजवणारे आणि गाणारे लोक आहेत, मग रेकॉर्ड कशावर करायचं? माझं मत स्पष्ट आहे. वाजवायचं आणि ठरवायचं टेपच्या शिस्तीनं, साठवायचं आणि मिक्स करायचं कॉम्प्युटरवर. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी मुद्दाम जुनी मशीन शोधून विकत घेऊ नये, तेवढ्या पैशात एक बरा माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, येतो आणि त्यानं जास्त फरक पडतो. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती भंगारात देऊ नका, ती अजून खूप कामाची आहे.

आधी मशीन म्हणजे काय ते थोडक्यात. साध्या कॅसेटला ए बाजूचे दोन आणि बी बाजूचे दोन असे चार पट्टे असतातच, १९७९ मध्ये टीअॅक या कंपनीनं पोर्टास्टुडिओ १४४ काढला त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरले, म्हणजे कॅसेट उलटी करायचीच नाही, चार वेगळे ट्रॅक. वर टेपचा वेग दुप्पट, सेकंदाला ४.७६ ऐवजी ९.५ सेंटिमीटर, म्हणून आवाज साफ. पण यामुळे वेळ कमी मिळतो हे लक्षात ठेवा, सी-९० कॅसेट अशा मशीनवर साडेबावीस मिनिटंच चालते आणि सी-६० फक्त १५ मिनिटं. नंतरच्या काही स्वस्त मशीन साध्या वेगावरच चालतात, आपली कुठली आहे ते मागच्या लेबलवर नाहीतर मॅन्युअलमध्ये बघून घ्या. सी-१२० वापरूच नका, तिची टेप फार पातळ असते आणि गुंडाळून बसते. बहुतेक मशीन टाइप टू म्हणजे क्रोम कॅसेटसाठी सेट केलेल्या असतात, नवीन क्रोम मिळणं अवघड झालंय, जुना सीलबंद माल मिळाला तर घ्या.

मशीन खूप वर्षं बंद असेल तर लगेच चांगली कॅसेट घालू नका. आतला रबरी बेल्ट वितळून चिकट झालेला असू शकतो, तो बदलल्याशिवाय वेग स्थिर राहणारच नाही. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन हेड (टेपवर आवाज भरणारा आणि वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन, म्हणजे टेप ओढणारी ती बारीक धातूची दांडी, पुसा. काडीवर तपकिरी डाग यायचे थांबले की समजायचं झालं. पिंच रोलर, म्हणजे टेप त्या दांडीवर दाबून धरणारं चाक, रबराचा असतो, त्याला सारखं अल्कोहोल लावलं तर रबर कडक होतं, तो किंचित ओल्या कापडानं पुसून वाळू द्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा, दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, बुरशी हेडवर येते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवायच्या.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून एक अभंग घेऊ, तबला, पेटी, गाणारा एक, आणि मागे टाळ वाजवत म्हणणारे दोघं तिघं.

सगळ्यात पहिली गोष्ट सूर. पेटीचा सूर ऐनवेळी बदलता येत नाही, तबला आणि तानपुरा पेटीला लावता येतात, म्हणून सगळं पेटीला लावायचं. आणि टेपवर हे जास्तच महत्त्वाचं, कारण टेपचा वेग बदलला की सूर बदलतो. वेगात साधारण ६ टक्के फरक पडला की अर्धा स्वर वर किंवा खाली, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये गेलं. त्यामुळे मशीनवर पिच कंट्रोलची फिरकी असेल तर ती बरोबर मध्यावर ठेवा आणि वर चिकटपट्टी लावून टाका. आणि प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला पेटीचा सा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, नंतर चारही ट्रॅकवर तीन जोरदार टाळ्या. सा कशाला, तर दहा वर्षांनी दुसऱ्या मशीनवर वाजवली तर वेग किती चुकलाय ते त्यावरून कळतं. टाळ्यांचं कारण पुढे येईलच. हे कॉम्प्युटरवर सुद्धा करा, काही बिघडत नाही.

ट्रॅकची वाटणी मी अशी करतो. १ वर तबला, २ वर पेटी, ३ वर गाणं, ४ वर टाळ आणि कोरस. कारण असं की १ आणि ४ हे टेपच्या अगदी कडेचे पट्टे, टेपची कड थोडी दुमडली किंवा घासली की आवाज क्षणभर दबतो, मुख्य गाण्यात ते सहन होत नाही, कोरसमध्ये चालून जातं. शिवाय शेजारच्या ट्रॅकचा आवाज थोडा झिरपतो, तबला आणि गाणं लांब राहिलेले बरे.

पहिल्या फेरीत तबला आणि पेटी एकत्र वाजवा, दोन माइक, दोन ट्रॅक, आणि गाणारा समोर बसून हळू आवाजात म्हणतोय. क्लिक, म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक, लावू नका. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण अभंगाची लय शेवटाकडे वाढते, वाढायलाच पाहिजे, आणि क्लिकवर वाजवलं की ती वाढ मरून जाते. मला कॉम्प्युटरवरच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त हीच गोष्ट खटकते, लोक सॉफ्टवेअर उघडतात, त्यात टेम्पो १२० आधीच लिहिलेला असतो, आणि बिचारा तबलजी गायकाऐवजी त्या आकड्याला साथ करत बसतो. ग्रिड (मात्रांच्या आखलेल्या रेघा) बंद करा, क्लिक बंद करा, तबलजीला गायकाकडे बघू द्या.

माइक कुठे ठेवायचा यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमी. तबल्याला एकच माइक असेल तर डग्गा आणि तबला यांच्या मधे, वरून दीड फुटावर, वाजवणाऱ्याच्या समोरून. डग्गा दबला तर माइक त्याच्याकडे चार बोटं सरकवा, लगेच फरक ऐकू येईल, इक्वलायझर नंतर. पेटीला माइक भात्याच्या बाजूनं अजिबात नको, हवेचा फुसफुस आवाज येतो, समोरून थोडा वर आणि किमान दीड फूट लांब. गाणाऱ्यासाठी सहा ते आठ इंच अंतर, मधे भरतकामाच्या रिंगेवर ताणलेलं पातळ कापड, प फ भ चा फटका त्यानं अडतो. खोलीत पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार बंद, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाटसुद्धा चांगलं काम देतं. टेप असो की कॉम्प्युटर, ही सगळी कामं सारखीच, आणि आवाजाचा बराचसा दर्जा इथेच ठरतो.

आता लेव्हल. इथे दोन्ही माध्यमं एकदम उलटी वागतात आणि एकाची सवय दुसऱ्यावर नेली की रेकॉर्डिंग बिघडतं.

टेपला खालून खरखर असते, त्यामुळे आवाज जरा जोरात भरायचा, मीटरचा काटा शून्याच्या आसपास, गाण्याच्या जोरकस जागांना थोडा पुढे गेला तरी टेप ते मऊपणे दाबून घेते. पण टाळाच्या बाबतीत हा नियम विसरा. टाळाचा आवाज म्हणजे एकदम तीक्ष्ण वरच्या फ्रिक्वेन्सीचा ठोका, तो इतका झटकन येऊन जातो की काट्याचा मीटर त्याला गाठतच नाही. काटा निवांत उणे दहावर डुलत असतो आणि टेपवर मात्र टाळाचा छनछनाट जाऊन नुसता खरबरीत च्छ च्छ उरतो. म्हणून टाळ रेकॉर्ड करताना काटा जेमतेम हलेल एवढंच ठेवा आणि कानानं तपासा, टाळकऱ्यांना माइकपासून पाच सहा फूट मागे उभं करा. मशीनवर डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणारी सोय) असेल तर अजूनच जपून, ते रेकॉर्ड करताना आवाजाचा चढउतार निम्मा करतं आणि वाजवताना परत दुप्पट करतं, त्यामुळे रेकॉर्डिंगमधली चूक पण वाढूनच बाहेर येते.

कॉम्प्युटरवर शून्याच्या वर काहीच नाही, तिथे आवाज सरळ फाटतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वात जोरकस जागा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घ्यायची फिरकी, लावा. आवाज बारीक वाटतोय म्हणून गेन वाढवायचा मोह आवरा, २४ बिटला खाली भरपूर जागा असते, नंतर वाढवता येतो. गाणारा तालमीत जेवढा जोर लावतो त्यापेक्षा खऱ्या टेकला जास्तच लावतो हे गृहीत धरून चाला.

दुसऱ्या फेरीत हेडफोनवर तबला पेटी ऐकत गाणं घ्यायचं. कॅसेट मशीनमध्ये ऐकायचं आणि रेकॉर्ड करायचं हेड एकच असल्यामुळे गाणं आपोआप तालात बसतं. कॉम्प्युटरवर आवाज आत जाऊन परत हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो, बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला एका दिशेनं जवळपास पावणेतीन मिलिसेकंद, आणि ५१२ चा असेल तर १०.७, त्यात येणं जाणं धरा आणि ड्रायव्हरचा वेळ वेगळा. एवढ्यानं गायकाला अस्वस्थ वाटतं आणि का ते त्याला सांगता येत नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा आवाज बंद करा, प्रश्न मिटला. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, टाकायला विसरू नका. बारीक घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच जातो.

टेपची शिस्त म्हणालो ती इथे लागते. टेपवर गाणं पुन्हा घ्यायचं म्हणजे आधीचं पुसायचं, म्हणून माणूस आधी तालीम करतो, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवतो, आणि मग रेकॉर्डचं बटण दाबतो. कॉम्प्युटरवर पंचवीस टेक होतात आणि नंतर कुठला चांगला ते ऐकायची कुणाची इच्छा उरत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर सुद्धा तीनच टेक ठेवा, चौथा घ्यायचा तर आधीच्यातला एक पुसा, आणि निर्णय त्याच दिवशी, गाणारा समोर असताना घ्या.

ट्रॅक कमी पडले तर टेपवर बाउन्स करतात, म्हणजे १, २ आणि ३ एकत्र करून ४ वर घ्यायचे आणि पहिले तीन मोकळे करायचे. करता येतं, पण खरखर वाढते, वरचा आवाज बोथट होतो, आणि तबला पेटीचं प्रमाण कायमचं ठरून जातं. हातात कॉम्प्युटर असताना मी बाउन्स करणार नाही, चार ट्रॅक आत घेऊन बाकीचं तिथेच जोडा.

आणि हे आत घेणं म्हणजेच सगळ्यात काळजीचं काम. शक्यतो ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याच मशीनवर वाजवा. मशीनला प्रत्येक ट्रॅकचं वेगळं आउटपुट असेल आणि इंटरफेसला चार लाइन इनपुट असतील तर एकाच वेळी चारही घ्या, सगळं जुळलेलंच येईल. दोनच इनपुट असतील तर पहिल्यांदा १ डावीकडे २ उजवीकडे, मग कॅसेट मागे घेऊन ३ आणि ४. दोन्ही फेऱ्यांत वेग किंचित वेगळा पडतो, म्हणून आधी सुरुवातीच्या टाळ्या जुळवा आणि मग गाण्याची शेवटची सम बघा, ती पुढे मागे असेल तर दुसरी जोडी अगदी थोडी ताणून किंवा आखडून बसवा. पेटीचा सा ट्यूनरवर तपासून सगळ्यांचा वेग एकदम दुरुस्त करता येतो, रीपर किंवा ऑडॅसिटी या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं, ऑडॅसिटी फुकट आहे.

मशीनच बंद पडली असेल आणि फक्त कॅसेट उरली असेल तरी आशा सोडू नका. साध्या स्टिरिओ डेकवर ए बाजूला ट्रॅक १ आणि २ ऐकू येतात, आणि कॅसेट उलटली की ३ आणि ४ येतात पण उलटे, शेवटाकडून सुरुवातीकडे. ते तसेच रेकॉर्ड करून घ्या, सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्स करा, मूळ रेकॉर्डिंग दुप्पट वेगावर असेल तर चारही ट्रॅकचा वेग दुप्पट करा, आणि मग टाळ्यांवर जुळवा. उलटल्यावर डावा उजवा ट्रॅक अदलाबदल होतात, म्हणजे ४ डावीकडे आणि ३ उजवीकडे येतो. डीबीएक्स लावून रेकॉर्ड केलेलं असेल तर आवाज दाबलेला आणि कर्कश येईल, तो तसाच जपून ठेवा, चालू मशीन मिळाली की पुन्हा घेता येईल. आजोबांचा आवाज असलेली कॅसेट असेल तर जे मिळतंय ते आजच घ्या.

मिक्स करताना रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, कमी टाका, देवळात गातोय असं वाटावं म्हणून लोक इतका टाकतात की शब्द कळत नाहीत, आणि अभंगात शब्द कळलेच पाहिजेत. आधी सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी जास्त करायचे दांडे) खाली आणा, गाणं वर घ्या, मग तबला, मग पेटी गाण्याच्या खाली राहील एवढीच, शेवटी टाळ आणि कोरस.

साठवताना प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. प्रोजेक्ट फाइलवर भरवसा ठेवू नका, सॉफ्टवेअर बदललं की उघडेलच असं नाही, वेव्ह कुठेही उघडते. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याचे चार ट्रॅक मिळून पावणेदोनशे एमबीच्या आत. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. फाइलच्या नावात गाणं, तारीख, पट्टी आणि गाणाऱ्याचं नाव लिहा. आणि मूळ कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खिट्ट्या तोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून कुणी काही रेकॉर्ड करणार नाही.