क्रूझवर स्पेशालिटी रेस्टॉरंटला जास्तीचे पैसे द्यायचे का? बुक करण्याआधी हे बघा

क्रूझचं तिकीट काढलं की लगेच मेल यायला लागतात, डायनिंग पॅकेज घ्या, आत्ता घेतलंत तर स्वस्तात मिळेल, जहाजावर महाग पडेल वगैरे, आणि मग माणूस गोंधळतो की अहो तिकिटात जेवण धरलेलं आहे ना, मग हे स्पेशालिटी रेस्टॉरंटचे, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या जेवणघराव्यतिरिक्त असलेल्या खास रेस्टॉरंटचे, वेगळे पैसे कशाचे? माझं मत आधीच सांगून टाकते. आठवड्याच्या क्रूझवर एखाद-दुसरी संध्याकाळ, नीट निवडून, जरूर. रोजच्या रोज, अजिबात नाही. आणि काही जहाजांवर तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम म्हणजे तुमची कंपनी काय काय तिकिटात देते ते बघणं. व्हर्जिन व्हॉयेजेसवर सगळी रेस्टॉरंट तिकिटातच येतात, वेगळा चार्ज नाही, फक्त जागा धरावी लागते. ओशनियावर पोलो ग्रिल, तोस्काना, रेड जिंजर ही सगळी स्पेशालिटी रेस्टॉरंट धरलेली असतात. वायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर मॅनफ्रेडीज आणि शेफ्स टेबलला एक पैसाही जास्त पडत नाही. रीजंटचंही तसंच. अर्थात या कंपन्यांची तिकिटंच बऱ्यापैकी महाग असतात, म्हणजे तुम्ही पैसे दिलेलेच असतात, फक्त आधी दिलेले असतात. याउलट रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, कार्निव्हल, सेलिब्रिटी, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, एमएससी, डिस्ने, क्युनार्ड इथे मेन डायनिंग रूम आणि बुफे तिकिटात, आणि स्टेकहाऊस, सुशी, टेपनयाकी (समोरच्या तव्यावर आचारी जेवण बनवतो ते जपानी रेस्टॉरंट), इटालियन वगैरेला बहुतेक वेळा वेगळे पैसे. यातही केबिन कुठली घेतलीय त्यावर फरक पडतो. सेलिब्रिटीवर अ‍ॅक्वाक्लास नावाची केबिन घेतली असेल तर ब्लू नावाचं वेगळं रेस्टॉरंट तुमचं असतं, स्वीट (मोठी, महागडी केबिन) असेल तर ल्युमिने, आणि क्युनार्डवर ग्रिल स्वीटवाल्यांना त्यांची स्वतंत्र ग्रिल रेस्टॉरंट. ज्यांनी असली केबिन घेतलीय त्यांनी वरून अजून स्पेशालिटीला पैसे घालण्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही, कारण तिथलं रोजचं जेवणच त्या तोडीचं असतं.

(आणि हे जास्तीचे पैसे घेणं हल्लीचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर तसं नाही. १९०५ सालच्या अमेरिका नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झ या नामांकित हॉटेलवाल्यांचं वेगळं पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट होतं, आणि १९१२ मध्ये टायटॅनिकवर फर्स्ट क्लासवाल्यांना डायनिंग सलून तिकिटात असूनसुद्धा लुईजी गॅटी चालवायचा ते आ ला कार्त (मेनूतून हवं ते मागवायचं) रेस्टॉरंट वेगळ्या पैशांचं होतं.)

आता खरा मुद्दा. हे पैसे नक्की कशाचे ते कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. लोकांना वाटतं जास्त पैसे म्हणजे जास्त भारी माल. थोडाफार असतो, पण मोठा फरक आहे तो स्वयंपाकघराचा. मेन डायनिंग रूमला एका संध्याकाळी हजारो लोक जेवतात, त्यातही ठराविक वेळेच्या पंगतीत शेकडो माणसं एकदम बसतात आणि सगळ्यांना मेन कोर्स साधारण एकाच वेळी हवा असतो. एवढ्या मोठ्या लग्नाच्या पंगतीत गरम पुरी प्रत्येकाच्या ताटात कढईतून थेट पडणार नाही, तसंच हे. वेटर खांद्यावर भलामोठा ट्रे घेऊन येतो, त्यावर झाकणं लावलेल्या प्लेटची चळत, आणि झाकण काढल्यावर स्टेक असतो तो बऱ्याचदा कडेला राखाडी पडलेला, कारण तो आधी थोडा भाजून ठेवून मग ऑर्डर आल्यावर पूर्ण केलेला असतो आणि वर तुमच्या टेबलापर्यंत येईस्तोवर झाकणाखाली वाफेत शिजतच राहतो. मीडियम रेअर (आतून गुलाबी, कमी भाजलेलं) सांगितलं तरी मीडियमच्या पुढे जातं. यात आचाऱ्याचा दोष नाही, एवढ्या माणसांना त्या वेळेत खाऊ घालणं हेच कमाल आहे. स्पेशालिटीत एका वेळी थोडीच टेबलं, स्वतःचं किचन किंवा निदान स्वतःचा ग्रिल, आणि ऑर्डर आल्यावर पदार्थ टाकतात. म्हणजे तुम्ही पैसे देताय ते ताज्या बनवलेल्या ताटाचे, शांततेचे आणि वेटरकडे तुमच्यासाठी वेळ असण्याचे.

मग याच फूटपट्टीने रेस्टॉरंट निवडायचं. जे पदार्थ थांबून राहिले की खराब होतात त्यांना पैसे द्या. स्टेक, टेपनयाकी, सुशी, ताजा मासा, सुफ्ले. म्हणून स्टेकहाऊस (रॉयलवर चॉप्स ग्रिल, नॉर्वेजियनवर कॅग्नीज, प्रिन्सेसवर क्राऊन ग्रिल, हॉलंड अमेरिकावर पिनॅकल ग्रिल) हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा पर्याय. टेपनयाकीत जेवण आणि करमणूक दोन्ही होतं, मुलं सोबत असतील तर ती खूश असतात, फक्त तिथे अनोळखी लोकांसोबत एकाच ग्रिलभोवती बसायचं असतं तेव्हा दोघांना निवांत गप्पा मारायच्या असतील तर ते नको. इटालियनला मात्र मी हात आखडता घेते. पास्ता, लझान्या, तिरामिसू हे मेन डायनिंगला आणि बुफेतही येतंच आणि बरं येतं, त्यामुळे फरक कमी आणि पैसे पूर्ण. अपवाद डिस्नेचं पालो, तिथे १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, आणि मुलांनी भरलेल्या जहाजावर एक संध्याकाळ फक्त मोठ्यांची मिळणं याची किंमत ज्याची त्याला कळते. आणि बर्गर-विंग्ज टाइप जागांना जिथे प्रत्येक प्लेटचे पैसे लागतात तिथे बहुतेक वेळा जायची गरज नसते, कार्निव्हलवर गाय्ज बर्गर जॉइंट फुकट आहे आणि हॉलंड अमेरिकावर डाइव्ह-इनचा बर्गरही तिकिटातच आहे.

व्हेज खाणाऱ्यांनी जरा थांबून विचार करा. बहुतेक स्टेकहाऊसमध्ये एक ठरलेली रक्कम द्यायची असते, तुम्ही फिलेट (स्टेकचा महागडा तुकडा) खा नाहीतर मशरूम आणि मॅश पोटॅटो खा, रक्कम तीच. मेनू आधी बघा, मेन कोर्समध्ये व्हेज एकच पदार्थ असेल तर सोडून द्या. त्यापेक्षा पहिल्याच रात्री मेन डायनिंगच्या हेड वेटरला गाठा आणि विचारा की उद्यासाठी काही वेगळं करून देता येईल का, बऱ्याच जहाजांवर आदल्या दिवशी सांगितलं तर किचन खास बनवून देतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

आता कुठल्या रात्री जायचं, हे लोक बघतच नाहीत आणि इथेच पैसे वाया जातात. लांबच्या क्रूझवर एखादी फॉर्मल नाइट (सगळे नटूनथटून जेवायला येतात ती रात्र) असते आणि बऱ्याच कंपन्या त्या रात्री मेन डायनिंगला लॉबस्टर देतात. त्या रात्री पैसे देऊन दुसरीकडे जाणं म्हणजे फुकटचं सगळ्यात चांगलं जेवण सोडणं. तेव्हा जहाजावर चढल्यावर पहिल्या दिवशीच अ‍ॅपवर किंवा डायनिंग रूमच्या दारात पूर्ण आठवड्याचे मेनू मिळतात का ते विचारा, आणि ज्या रात्रीचा मेनू सगळ्यात सपक वाटतो ती रात्र स्पेशालिटीला द्या. दुसरं म्हणजे ज्या दिवशी बंदरावर दिवसभर उन्हात फिरून येणार त्या रात्री नको, कारण स्पेशालिटीचं जेवण निवांत चालतं, दीड-दोन तास सहज जातात, आणि दमलेल्या माणसाला तिसऱ्या कोर्सपर्यंत झोप येते. शो बघायचा असेल तर त्याची वेळ आधी बघा आणि मग टेबल धरा. समुद्रातला दिवस सगळ्यात उत्तम. आणि समुद्रातल्या दिवशी काही स्पेशालिटी रेस्टॉरंट दुपारी उघडी असतात, रॉयलवर चॉप्समध्ये हे असतं, तोच ग्रिल आणि रात्रीपेक्षा कमी पैसे. मला विचाराल तर हा सगळ्यात पैसावसूल मार्ग आहे आणि लोक दुपारी बुफेच्या गर्दीत प्लेट घेऊन जागा शोधत फिरत असतात.

पैशाचं गणित करताना वरची टिप विसरू नका. रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, आपोआप लागते, नॉर्वेजियनवर २० टक्के. समजा माणशी ५० डॉलर लिहिलंय, तर १८ टक्क्यांनी ते ५९ होतात, दोघांचे ११८. वाइन घेतली की अजून वर. ड्रिंक पॅकेज असेल तर ते साधारण स्पेशालिटीतही चालतं पण एका ग्लासची जी कमाल किंमत ठरलेली असते त्याच्या वरची वाइन मागितलीत तर फरक द्यावा लागतो. आणि ठरलेल्या रकमेत सगळंच येतं असंही नाही, चॉप्समध्ये ड्राय-एज्ड (बरेच दिवस मुरवलेल्या मांसाचा) स्टेक किंवा आख्खा लॉबस्टर मागवला की त्याचे वेगळे पैसे, मेनूवर शेजारी बारीक आकडा असतो तो वाचायचा. उलटं पण आहे बरं का, मेन डायनिंगलाही आता सगळं अमर्याद राहिलेलं नाही. कार्निव्हलवर तिसऱ्या मेन कोर्सपासून पाच डॉलर घेतात.

पॅकेजचं काय? तर तीन जेवणांचं वगैरे छोटं पॅकेज असेल आणि तुम्ही खरंच तितक्या वेळा जाणार असाल तर सुट्यापेक्षा स्वस्त पडतं, घ्या. अनलिमिटेडला मात्र भुलू नका. उदाहरण म्हणून आकडे धरू. सात रात्रींचं पॅकेज टिप धरून २९५ डॉलर, म्हणजे रात्रीला ४२, ऐकायला छान. पण त्यातली लॉबस्टरची रात्र काढा, उशिरा परत येण्याच्या एक-दोन रात्री काढा, आणि एकच स्टेकहाऊस दोनदा करायचा कंटाळा येतो तेही धरा, उरल्या तीन रात्री. म्हणजे एका जेवणाला ९८ डॉलर, जे सुटं ५९ ला मिळत होतं. शिवाय अनलिमिटेड घेतलं की पैसे वसूल करायच्या नादात रोज तिकडेच जायला लागतं, मेन डायनिंगचा वेटर ज्याला दोन दिवसांत तुमची आवड कळते तो सुटतो, आणि पोटावर पण भार पडतो. हे पॅकेज जमतं ते लांब प्रवासाला, उदाहरणार्थ अटलांटिक पार करणाऱ्या क्रूझवर, जिथे समुद्रातले दिवस भरपूर आणि दुपारची जेवणंही पॅकेजमध्ये धरलेली, आणि जहाज मोठं म्हणजे रेस्टॉरंटही बरीच.

नॉर्वेजियनवर बुक करताना एक बघा, त्यांच्या तिकिटासोबतच्या ऑफरमध्ये बऱ्याचदा एक-दोन स्पेशालिटी जेवणं आलेली असतात. ती वापरा, वाया घालवू नका, पण ती वापरायला टेबल वेळेवर धरायला लागतं, आणि चांगल्या वेळा आधी जातात.

बुकिंग आधी करायचं की जहाजावर? खास दिवस असेल, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, किंवा सहा-आठ जणांचा ग्रुप, तर आधीच करा, मोठं टेबल नंतर मिळत नाही. निघायच्या आधी कंपनीच्या साइटवर किंमत वरखाली होत राहते, तेव्हा एकदा बुक केलं तरी अधूनमधून बघत राहा, उतरली तर रद्द करून परत घ्या, निघायच्या काही दिवस आधीपर्यंत हे साधारण विनात्रास होतं. तारखेचा हट्ट नसेल तर चढल्याच्या दिवशी बुफेच्या दाराशी टॅबलेट घेऊन उभे असलेल्या स्टाफला विचारा. पहिल्या रात्री बरेच लोक सवयीने मेन डायनिंगला किंवा बुफेला जातात म्हणून स्पेशालिटी रिकामी असते आणि ती भरायला काहीतरी सूट किंवा वाइनची बाटली असं देतात. कधी देत नाहीत, पण विचारायला काय जातंय. फक्त रद्द करायचे नियम वाचा, न सांगता गेला नाहीत तर पूर्ण पैसे किंवा दंड लावतात, आणि तो थेट केबिनच्या खात्यावर पडतो.

मुलांना बहुतेक कंपन्यांवर कमी दर असतो आणि अगदी लहानांना काही ठिकाणी पैसेच लागत नाहीत, पण दोन तास खुर्चीत बसणारं मूल नसेल तर त्याला किड्स क्लबमध्ये सोडून तुम्ही दोघं निवांत जा, बऱ्याच जहाजांवर क्लब रात्री उघडा असतो.

शेवटचं, आणि हे करायला लोक लाजतात. पैसे देऊन गेलात आणि स्टेक जास्त भाजलेला आला, किंवा पाऊण तास पहिली प्लेटच आली नाही, तर तिथल्या तिथे मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे सांगा. छोट्या किचनचा फायदा हाच की ते लगेच दुसरं करून देऊ शकतात, आणि खरंच जेवण बिघडलं असेल तर पैसे कमी करायची किंवा दुसऱ्या रात्री परत बोलवायची मुभा मॅनेजरला साधारण असते. बिलावर सही करून केबिनमध्ये गेल्यावर गेस्ट सर्व्हिसच्या रांगेत उभं राहून तेवढं मिळत नाही.