हेगच्या आधी सत्र न्यायालय

हेगला निघाले तेव्हा मावशीने विचारलं, "म्हणजे कुलभूषण जाधवांची केस चालली ते कोर्ट ना?" तसं नाही. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देश देशाविरुद्ध उभा राहतो. मला जायचं होतं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, म्हणजे आयसीसीत. तिथे माणसावर खटला चालतो, नरसंहार किंवा युद्धगुन्ह्यासारख्या आरोपांखाली. गाव एकच, कोर्टं दोन. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याच्या या क्षेत्रात येणाऱ्या निम्म्या मुलांचाही इथेच घोळ होतो, त्यामुळे मावशीला हसू नका.

आयसीसीचं कामकाज सर्वसामान्यांना काचेआडच्या गॅलरीतून बघता येतं. कानाला हेडफोन लावायचा, भाषेचं चॅनल निवडायचं. मी पहिल्या दिवशी गेले ती धारदार उलटतपासणी ऐकायला. साक्षीदाराचा चेहरा पडद्यावर पुसट केलेला, आवाज बदललेला. प्रश्न संपला की दुभाष्यांसाठी काही सेकंद थांबायचं, मग उत्तर. कोणी घाई केली की न्यायाधीश टोकणार. एका गावातला रस्ता नदीच्या कोणत्या बाजूने जातो, यावर अख्खी सकाळ गेली. मला चक्क डुलकी लागली. आरोपीची माणसं गावात कुठून शिरली हे त्या रस्त्यावरच ठरणार होतं, हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले.

फ्रेंच मात्र शिकाच. इंग्रजी आणि फ्रेंच या इथल्या कामकाजाच्या दोन भाषा, आणि काँगो, माली, आयव्हरी कोस्ट इथली प्रकरणं फ्रेंच कागदांनी भरलेली. मला ती येत नव्हती. दोन ठिकाणचे अर्ज त्यावरच अडले.

पुरावा आता मोबाइलमधून येतो. लिबियातला लष्करी कमांडर वेरफल्ली याच्याविरुद्ध २०१७ साली निघालेलं वॉरंट बरंचसं सोशल मीडियावरच्या व्हिडिओंवर उभं होतं. (त्याच्यावर खटला चाललाच नाही, २०२१ मध्ये बेनगाझीत तो मारला गेला.) प्रशिक्षणात आम्हाला चाळीस सेकंदांची एक क्लिप दिली होती. गच्चीवरची पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार आणि सावलीची दिशा उपग्रहाच्या छायाचित्राशी जुळवत बसले. दोन दिवसांनी जागा सापडली, तारीख तरीही पक्की होईना. मग अहवालात तेवढंच लिहायचं. अंदाजाने तारीख टाकलीत तर समोरचा वकील तिथूनच तुम्हाला सोलून काढतो.

पुरावा भक्कम असला तरी आरोपी हवा ना! आयसीसीकडे स्वतःचे पोलीस नाहीत. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं; सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य देश, तरी त्यांचं साग्रसंगीत स्वागत झालं. उलट फिलिपाइन्स २०१९ मध्येच आयसीसी ज्यावर उभं आहे त्या रोम करारातून बाहेर पडला, तरी तिथले माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये मनिलात पकडले गेले, कारण आरोप सदस्यत्वाच्या काळातले होते आणि घरच्या सत्तेचं वारंही फिरलं होतं. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने आयसीसीचा अभियोक्ता (म्हणजे खटला चालवणारा मुख्य वकील) आणि काही न्यायाधीशांवर निर्बंध घातले. अशा कोर्टात कायमच्या नोकरीची आस धरून येऊ नका. इथे बरंच काम ठरावीक मुदतीच्या करारावर चालतं.

माझ्या मते यापुढचं काम वाढेल ते देशोदेशींच्या कोर्टांत. सीरियातल्या छळाबद्दल तिथला माजी गुप्तचर अधिकारी अन्वर रस्लान याला जन्मठेप झाली ती २०२२ मध्ये, जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या कोर्टात.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. रोममध्ये १९९८ साली करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि अजून सदस्य नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी दंगलीच्या प्रकरणातल्या २०१८ च्या सज्जन कुमार निकालात स्पष्ट म्हटलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत. त्याच निकालात १९९३ च्या मुंबईतल्या सामूहिक हत्यांचाही उल्लेख आहे. पुढे भारतीय न्याय संहिता आली, तीही ही जागा रिकामी ठेवून.

म्हणून मास्टर्सला पळण्याआधी दोन वर्षं सत्र न्यायालयात काढा. मला काम मिळालं त्या मुलाखतीत रोम करारावर एकच प्रश्न आला. उरलेला अर्धा तास, पुण्यातल्या एका खटल्यात जप्त मोबाइलला सील लावताना पंच नेमके कुठे उभे होते, यावर गेला.